वहिनीची सहावी मागणी

वहिनी,

लोक येतात, आईसमोर बसतात आणि सांगतात, "फार सोशिक होती हो तुमची सून." परवा एक बाई म्हणाल्या, "कधी तोंड वर करून बोलली नाही." मी आतल्या खोलीच्या दारात होतो. वाटलं, बाहेर जाऊन विचारावं, बाई, तुम्ही नक्की कुणाच्या घरी आलात? आईने डोळे वटारले म्हणून गप्प बसलो. आज बसणार नाही. तुला जाऊन अठरा दिवस झालेत, आणि एवढ्यात या लोकांनी तुझी तसबीर करून टाकली. आणखी महिनाभर असंच चाललं तर तुझ्या हातात तुळशीचं रोप देतील आणि तुझी लोखंडी कढई माळ्यावर टाकतील. म्हणून हे लिहितोय. घाईत लिहितोय. सावकाश लिहिणं मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. मला पत्रकं लिहिता येतात, आणि तीसुद्धा तू शिकवलेली.

तू दादाची बायको होऊन वाकोल्याच्या आमच्या चाळीत आलीस तेव्हा मी अकरा वर्षांचा, अर्ध्या चड्डीतला. आईचा हुकूम होता की धाकट्या दिराला 'भावजी' म्हणायचं आणि 'तुम्ही' म्हणायचं. तू आईसमोर म्हणायचीस, "भावजी, जेवाक येवा," आणि आई मोरीकडे वळली की माझ्या डोक्यात टपली, "काय रे मेल्या, हात धुतलंस?" पुढे आईनेही नाद सोडला, आणि 'रे' कायमचा झाला. 'तुम्ही' तू फक्त एका कामासाठी राखून ठेवलास, रागासाठी. तुझं ओरडणं मी कधी मनावर घेतलं नाही. पण "भावजी, तुम्ही" ऐकलं की मी न सांगता पाणी भरायला पळायचो.

तू आलीस त्याच वर्षी चीनशी लढाई झाली. शाळेतून आमची फेरी निघाली होती, मी घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. गल्लीच्या तोंडाशी टेबल मांडून संरक्षण निधी गोळा करत होते, तिथे तू गेलीस आणि बोटातली अंगठी काढून दिलीस. माहेरची, एकुलती एक. घरी येऊन भाकऱ्या थापायला बसलीस. दादाला रात्री जेवताना कळलं, तेही तुझ्या रिकाम्या बोटाकडे लक्ष गेलं म्हणून.

हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण पुढचं सगळं चिनी जेवणाबद्दल आहे.

दादा साकीनाक्याच्या कारखान्यात फिटर. एकदा साहेबाबरोबर कसलंसं यंत्र पोचवायला कुलाब्याला गेला. उशीर झाला म्हणून साहेबाने त्याला एका चिनी हॉटेलातून पार्सल घेऊन दिलं. दादाने ते तिथे खाल्लं नाही. वाटेतल्या भुकेसकट वाकोल्यापर्यंत घेऊन आला. पांढरा मेणकागद, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर सुतळी. उघडलं तेव्हा सगळं थंडगार आणि थिजलेलं. एका पुड्यात तपकिरी भात, दुसऱ्यात लांबच लांब शेवया.

आईने वाकून बघितलं. "गो, ह्यां काय हाडल्यान? गांडुळां?"

"नूडल म्हणतात आई," दादा म्हणाला.

"चिन्यांचा जेवण ह्या घरात? आपल्या पोरांका मारल्यानी त्यांनी!"

मी तेव्हा सतरा-अठराचा, आईच्या बाजूचा. लगेच भाषण सुरू केलं. तू पदर खोचलास, आईसमोर आपलं रिकामं बोट धरलंस आणि म्हणालीस, "मी अंगठी दिलंय लढाईक. आता माका त्यांचो भात तरी खाऊ देत."

आईने उठून ताटल्या काढल्या.

आम्हाला चार-चार घास आले. आईने खाल्लं नाही, पण बसून बघत राहिली. तू मात्र डोळे मिटून चावत होतीस आणि मध्येच पुटपुटत होतीस, "कांद्याची पात... कोबी... मिरी... आंबट कायतरी असा... आणि ह्यां काळा काय?" शेवटी मेणकागद नाकाला लावलास, मग बोटाने पुसून चाटलास. दादा हसला. "कागद पण खाणार काय?" तू म्हणालीस, "ह्यां मी घरात करतलंय." तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी पुढे फार थोड्या कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. जिद्द म्हणू? नको, मोठा शब्द झाला. खोड होती तुला. एखादी गोष्ट फक्त दुसऱ्यांनाच येते हे तुला सहनच व्हायचं नाही.

मग सुरू झाले तुझे रविवार. पहिल्या रविवारी ताजा भात करून कढईत टाकलास, त्याचा लगदा झाला. दुसऱ्या रविवारीही लगदाच. दादा म्हणाला, "खिमट छान झालंय, बेबीला भरव." तुमची बेबी तेव्हा सहा महिन्यांची. तिसऱ्या रविवारी आदल्या रात्रीचा भात उरला होता, रेशनचा, जाडा, गार पडून शितं सुटी झालेली. तू तो हाताने मोकळा केलास, स्टोला पंप मारमारून त्याचा भोंगा केलास, कढई धुरकटेपर्यंत तापवलीस आणि भात टाकलास. टाकताक्षणी जो आवाज झाला तो ऐकून शेजारच्या डिसोझाबाई दारात आल्या. "काय फोडलं?" तू वळून म्हणालीस, "कोडा!" कोडं म्हणजे. ते तू फोडलं होतंस. आमच्या घरात शिळा भात उरला म्हणजे आईचा जीव खालीवर व्हायचा, कोण खाणार, कसा संपवायचा. आणि या पदार्थाला नेमका तोच लागत होता.

आंबटासाठी डिसोझाबाईंनी घरी केलेला सिरका दिला. काळ्यासाठी तू गूळ जाळलास, कडू व्हायच्या जरा आधी उतरवलास, त्यात कोकमाचं आगळ आणि मीठ घातलंस. तो काळा-लाल रस बाटलीत भरून ठेवायचीस. पुढे दादाने कुठूनशी सोयाबीनच्या रसाची खरी बाटली मिळवून आणली. तू बूच काढून हुंगलीस, थेंब जिभेवर घेतलास. "बरा असा," म्हणालीस. "पण आमचो जास्त बरो." खारदांड्याची कोळीण दारावर आली की मूठभर करंदी घ्यायचीस, नाहीतर सुकट. एवढुशा करंदीने सगळ्या घराचा भात दर्यासारखा वास मारायचा.

आणि नूडल! वहिनी, ते आठवलं की आजही हसू येतं. तुझ्या माहेराहून आलेला शिरवाळे काढायचा लाकडी साचा होता ना, सणाला त्यातून तांदळाच्या उकडीच्या शेवया काढायच्या आणि नारळाच्या गोड रसात बुडवून खायच्या. त्याच साच्यातून तू नूडल काढायचं ठरवलंस. आई दोन दिवस बोलली नाही. गोडाच्या साच्यातून तिखट? गरम उकडीचे गोळे आत भरायचे आणि दांडा दाबायला घरातला सगळ्यात आडदांड माणूस लागायचा. तो मी. माझ्या छातीचं सगळं वजन दांड्यावर, तू खाली ताट धरून, आणि आपला वाद चालू.

"जोर लाव. भाषणात लावतंस तसो."

"वहिनी, या देशात चार कोटी लोकांना..."

"बोलू नको, शिरवाळे तुटतत."

गार झालेले शिरवाळे कढईत टाकलेस की मी डाव घालून ढवळायला जायचो आणि तू माझ्या हातावर मारायचीस. ढवळायचं नाही, उडवायचं. तुझी मनगटं बघण्यासारखी होती. एकदा रेशनवर तांदूळच आला नाही, नुसता मिलो, ती परदेशी लाल ज्वारी. तू हट्टाने त्याचेही शिरवाळे काढलेस. ताटात पडेपर्यंत धागा, ताटात पडला की भुसा. आपण सगळ्यांनी तो लाल भुसा चमच्याने खाल्ला. दादा म्हणाला, "चीनने नाही हरवलं, मिलोने हरवलं." आई हसली. आणि हसता हसता तिने पहिल्यांदा तुझ्या चिनी जेवणाचा घास तोंडात घातला, तोही मिलोचा!

आता माझ्या पत्रकांकडे येतो.

मी रेशनसाठी लढणाऱ्या समितीत गेलो तेव्हा मला फक्त संतापता यायचं. पानभर एक वाक्य लिहायचो, त्यात सात शिव्या. तू सातवी पास. कोबी चिरताना माझा कागद खिडकीच्या गजाला टोचून ठेवायचीस आणि मोठ्याने वाचायचीस. दम लागला की थांबायचीस. "ह्यां एका दमात वाचूक येत नाय. काप." मी म्हणायचो, विचार गुंतागुंतीचा आहे. तू म्हणायचीस, "मोर्चात बाई चालता, कडेवर पोर असता, हातात कागद. तिका एकच दम असता. काप." मी कापायचो. सायक्लोस्टाईलवर काढलेलं माझं एकही पत्रक तुझ्या दमातून गेल्याशिवाय बाहेर पडलं नाही. लोक मला सांगतात, तुझं लिहिणं कसं थेट असतं रे. मी आजवर कुणाला खरं सांगितलं नाही. आता सांगतो. ते कोबीच्या ताटावर शिकलो.

आणि तरी मी तुझी सहावी मागणी कापली.

रेशन ऑफिसवरच्या मोर्चाचं पत्रक होतं ते. मागण्या पाच. तांदळाचा कोटा वाढवा. मिलो थांबवा. धान्यातले खडे काढा. मापात चोरी नको. रॉकेल वेळेवर द्या. तू वाचलंस, एका दमात, आणि म्हणालीस, "सहावी लिही. चव."

"म्हणजे?"

"रेशनचा धान्य चवीचा व्हया. कुबट नको. आमका पण चव कळता."

मी हसलो. तेव्हा हसलो हे मी विसरू शकत नाही. "वहिनी, लोक उपाशी आहेत आणि तू चव मागतेस? साहेब खिडकीतून हसतील आपल्याला. ही चैन झाली."

"उपाशी माणसाची जीभ खंय जाता? काढून ठेवतत ती?" तू विळीवरून उठलीस. "पोट भरूक घालशात तां ढोरांका पण घालतत. माणसाक इचारूक नको, बरा लागता काय म्हणान?"

मी चिडलो. समितीत आदल्याच दिवशी कुणीतरी मला टोमणा मारला होता, तुमच्या घरात म्हणे हॉटेलचे पदार्थ होतात. तो राग होता. त्या रात्री पत्रकाच्या शेवटी मी एक वाक्य घातलं: 'इथे कष्टकरी मिलो गिळतो आहे आणि काही घरांत परदेशी चोचले तळले जात आहेत, त्यांची आम्हाला लाज वाटते.' जळलेला गूळ, शेजारणीचा सिरका आणि शिळा भात. याला मी परदेशी चोचले म्हटलं. त्यातला अर्धा भात मीच गिळायचो, आणि लाज मला तुझी वाटली!

सकाळी तू नेहमीसारखा कागद गजाला टोचलास आणि वाचायला लागलीस. मी तुला अडवू शकलो असतो. दात घासत उभा राहिलो. तू पाचही मागण्या वाचल्यास, मग ते वाक्य. अडखळली नाहीस. शेवटपर्यंत वाचलंस, सुरी खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "वाक्य बरा असा. एका दमात येता."

मग कागद काढून माझ्या हातात दिलास. "भावजी, तुम्ही चहा घेवन घेवा. गार होता."

पत्रक तसंच छापलं गेलं.

मोर्चाच्या आदल्या संध्याकाळी तू घरोघर फिरलीस, हे मला नंतर कळलं. प्रत्येक घरात सांगितलंस, आज रात्री भातातली एक मूठ बाजूला काढून ठेवा, सकाळी मी नेईन. आई लाजेने अर्धी झाली. शिळा भात दारात येऊन मागतं ते कोण मागतं, हे चाळीत पोरंटोरंही जाणतात. "माझी सून शिळो भात मागता घरोघर!" असं ती दादाजवळ रडली. तांदूळ मिळत नव्हता म्हणून तर मोर्चा होता, आणि त्या टंचाईत प्रत्येक घराने मूठ काढली. कुणाचा उकडा, कुणाचा सुरय, कुणाच्या भातात मिलो मिसळलेला. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी पत्रकांचा गठ्ठा घेऊन सकाळी आठला रेशन ऑफिससमोर उभा होतो, क्रांती करायला.

चाळीस बाया होत्या, कडेवर पोरं. घोषणा झाल्या. खिडकीतून साहेबांनी डोकं काढलं, म्हणाले, "निवेदन ठेवून जा, बघू." मी ओरडलो, "बघू नको! बाहेर या!" त्यांनी खिडकी लावली. मी जन्मात कुठल्या शब्दाचा द्वेष केला असेल तर तो 'बघू'चा. बघू म्हणजे नाही. बघू म्हणजे तुम्ही दमाल आणि जाल.

आणि साहेबांचं बरोबर होतं. आमचा प्रत्येक मोर्चा अकरा वाजता मोडायचा. मी समितीत त्यावर चर्चा घडवून आणल्या होत्या, जागृतीचा अभाव वगैरे. जागृतीचा अभाव कसला डोंबलाचा! बायांना घरी जाऊन चूल पेटवायची असायची. साहेबांना हे माहीत होतं. तुला माहीत होतं. मला माहीत नव्हतं. त्या दिवशीही साडेदहाला चुळबुळ सुरू झाली. एकजण म्हणाली, "भाऊ, पोरं शाळेतून येतील, जाते मी." मी तिला वर्गजाणिवेबद्दल काहीतरी ऐकवलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच तिच्या वाटेतून बाजूला झालो.

तेवढ्यात तू आलीस. तू आणि डिसोझाबाई, दोघींच्या मध्ये ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं, वर तुझी जुनी साडी बांधलेली. मागून बेबी पातीची जुडी घेऊन. ऑफिसच्या पायरीवर पातेलं ठेवलंस, साडी सोडलीस. वहिनी, तो वास! मिरी, सिरका, करंदी, जळल्या गुळाचा तो किंचित कडवट धूर. चाळीस बाया पायरीकडे वळल्या.

"पोरांका शाळेतून हंयच घेवन येवा," तू म्हणालीस. "आज कोणाच्या घरात चूल पेटवूची नाय. जेवण हंय असा."

ताटल्या नव्हत्या. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "तुमचे कागद किती उरले?" 'तुमचे' ऐकून मला माझ्या जोड्यांकडे बघावं लागलं. गठ्ठा दिला. तू एकेका पत्रकाचा पुडा वळलास आणि भात भरून देत गेलीस. पार्सल! डिसोझाबाई खात खात म्हणाल्या, "भाऊ, तुमचं पत्रक आज पहिल्यांदा कोणाच्या पोटात गेलं हां!" सगळ्या बाया हसल्या. ऑफिसचा शिपाई मागच्या दाराने येऊन एक पुडा घेऊन गेला, आणि थोड्या वेळाने आणखी एक. दुसरा कुणासाठी, ते आम्ही विचारलं नाही.

माझा पुडा तू सगळ्यात शेवटी दिलास. भात संपला तेव्हा तेलाने कागद पारदर्शक झाला होता आणि माझ्या अंगठ्याखाली ते वाक्य होतं. 'परदेशी चोचले.' बरेच दिवस मी विचार करत होतो, हा पुडा तू मुद्दाम असा वळून मला दिलास का? मग लक्षात आलं, पत्रक एकच होतं. चाळीसही जणींच्या हातात तेच वाक्य होतं. त्यातल्या निम्म्या वाचू शकत होत्या. एकीनेही मला काही म्हटलं नाही. सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं, आणि तू पातेल्याच्या तळाची खरपूड खरवडत होतीस.

त्या दिवशी अकरा वाजले, बारा वाजले, मोर्चा हलला नाही. तीन वाजता साहेब बाहेर आले आणि उभ्याने निवेदन घेतलं, तारीख घालून पोच दिली. फार मोठं काही झालं नाही. पुढच्या आठवड्यात तांदूळ आला, त्यात खडे होतेच. पण मोर्चा जेवणाच्या वेळेला मोडला नाही, असं प्रथम झालं. समितीत माझी पाठ थोपटली गेली. मी थोपटून घेतली.

घरी आल्यावर तुला म्हणालो, "भात बरा झालेला."

"मीठ कमी पडला," तू म्हणालीस. आणि जरा थांबून, "हात धुतलंस काय रे?"

त्या 'रे'वर सगळं मिटलं असं मी धरून चाललो. माफी मागायचं राहिलं. आज मागू, उद्या मागू. आपण रोजच तर भेटत होतो, एकाच घरात.

मग तुला ताप आला. विषमज्वर. एकदा उतरला, आणि उलटला. डॉक्टरांनी पेज आणि मोसंबीचा रस, बाकी काही नाही, असं बजावलं. तू तीन आठवडे पेज प्यायलीस. एकदा दुपारी घरात तू, मी आणि बेबी असताना म्हणालीस, "सगळा मातीसारखा लागता रे. जीभच गेली माझी." आणि मग, "खाऊक मागनय नाय. वास तरी घेतंय. कर."

मी कधी केला नव्हता. दाबायला मी, उडवायला तू, असंच तर चालत आलेलं. तू पडद्यापलीकडे खाटेवर पडून कानाने स्वयंपाक चालवलास. "स्टो रडता. पंप मार. अजून मार... आता धूर इलो? टाक." मी भात टाकला. अर्धा कढईबाहेर उडाला. बेबी टाळ्या वाजवायला लागली. मी ताटली घेऊन तुझ्याजवळ आलो, तुझ्या नाकाशी धरली. तू डोळे मिटलेस, त्या पहिल्या मेणकागदाच्या वेळेस मिटले होतेस तसेच. बराच वेळ हुंगत राहिलीस.

"पात टाकूक इसारलंस," म्हणालीस.

पात ओट्यावर कागदात तशीच गुंडाळलेली होती.

मग तू विचारलंस, सहज, पंख्याने वारा घेत, "पुढच्या कागदात लिवशीत? सहावी?"

आणि मी, वहिनी, मी म्हणालो, "बघू."

तोंडातून गेलं ते. दुखण्यात तुला थकवायचं नव्हतं, वाद नको होता, म्हणून गेलं. कारण काहीही असो, खिडकी लावून घेतली मी. तुला तो शब्द माझ्याइतकाच ओळखीचा होता. तू हसलीस. "सायेब झालंस रे," म्हणालीस, आणि कूस बदललीस. 'रे' म्हणालीस. 'तुम्ही' म्हणाली असतीस तर मी तिथल्या तिथे लिहून दाखवलं असतं. सहाव्या दिवशी तू गेलीस.

परवाच्या रविवारी मी कढई काढली. आदल्या रात्रीचा भात आईनेच झाकून ठेवला होता, मला न सांगता. दादाने गूळ जाळला, जास्त जाळला, कडू झाला. डिसोझाबाई सिरका घेऊन आल्या आणि दारातच रडल्या. मी पंप मारला, धूर येऊ दिला, भात टाकला. बेबी पाच वर्षांची आहे आता. ओट्याला नाक लावून उभी होती. म्हणाली, "काका, पात!" आणि जुडी पुढे केली. भात बरा झाला, वहिनी. मीठ कमी पडलं. सगळ्यांनी खाल्लं, आईनेसुद्धा, आणि दादाने ताटली पुसून चाटली.

तू आम्हाला काय काय दिलंस याची यादी मी करणार नाही, पत्रकासारखं वाटेल. एकच सांगतो. आमच्या घरात कुणी आता नुसतं पोट भरत नाही. घास घेतो, थांबतो, आणि म्हणतो, काय कमी आहे रे यात? मी आता मोर्चातल्या बाईला आधी विचारतो, जेवलीस का, आणि काय जेवलीस. तूच ही सवय लावलीस.

काल रात्री पुढच्या महिन्याचं पत्रक लिहिलं आणि आज सकाळी तुझ्या खिडकीच्या गजाला टोचलं. मागण्या सहा. सहावी अशी: 'आम्हाला चव कळते. रेशनचं धान्य चवीचं हवं.' खाली एक ओळ आहे, समितीतले दोघे तिला हरकत घेतील, घेऊ देत: 'मागच्या पत्रकात परदेशी चोचल्यांबद्दल जे लिहिलं ते चूक होतं, ज्या बाईबद्दल लिहिलं तिनेच त्या दिवशी तुम्हा-आम्हाला जेवू घातलं, आणि सहावी मागणी तिची आहे.'

कोबी चिरत मोठ्याने वाचलं. सहा मागण्या एका दमात आल्या. शेवटची ओळ येत नाही. चार वेळा वाचून बघितली. 'तिनेच'पाशी दम तुटतो.

कापणार नाही.